शोरूमची डेमो किंवा कर्टसी गाडी घ्यायची का? गोव्यात ठरवताना काय तपासायचं

चवथ जवळ आली की शोरूममधून फोन सुरू होतात. नव्या गाडीची चौकशी करून आलेल्या माणसाला सेल्समन सांगतो, "तेच मॉडेल, टॉप व्हेरियंट, आमच्याच शोरूमची गाडी. सहा हजार किलोमीटर फिरलीय फक्त. लाखभर कमी पडतील." पर्वरी असो, वेर्णे असो की फोंडा, बोलणं साधारण हेच. घरात दोन दिवस चर्चा होते. एक जण म्हणतो, शोरूमने वापरलेली म्हणजे नीट सांभाळलेली असणार. दुसरा म्हणतो, दहा जणांनी पिदाडलेली गाडी कशाला घ्यायची? दोघांचंही थोडं थोडं खरं आहे, आणि नेमकं किती ते त्या एका गाडीची तपासणी केल्याशिवाय कळत नाही.

माझं मत आधीच सांगतो. अशी गाडी चांगली खरेदी ठरू शकते, पण 'जवळजवळ नवी' म्हणून तिचा भाव ठरवला तर नाही. एकदा डीलरच्या नावावर नोंदली गेली की कायद्याने, बँकेच्या नजरेने, विमा कंपनीच्या नजरेने ती सेकंडहँड आहे. मग दरही सेकंडहँडचाच हवा. दुसरी गोष्ट, बहुतेक लोक आधी गाडी बघतात, ती आवडते आणि मग कागद बघतात. क्रम उलटा ठेवा. आधी कागद, मग हिशेब आणि शेवटी गाडी. एकदा धुवून पॉलिश केलेल्या गाडीत बसलात की कागदातली खोट दिसूनही मन ती सोडून देतं.

आधी कळू दे, ही गाडी होती कुठे

'शोरूमची गाडी' या शब्दांत चार वेगळ्या गाड्या लपलेल्या असतात. टेस्ट ड्राइव्हची डेमो गाडी असते, ती गिऱ्हाइकांनी पाच-पाच किलोमीटर चालवलेली. कर्टसी गाडी वेगळी. तुमची गाडी अपघातानंतर बॉडीशॉपमध्ये आठ-दहा दिवस अडकली की तोवर वापरायला देतात ती. तिसरी, मॅनेजर किंवा स्टाफच्या रोजच्या वापरातली. चौथी कुणीच न वापरलेली, पण वर्षभर यार्डात उन्हापावसात उभी राहिलेली, न विकली गेलेली गाडी.

माझ्या मते यांत स्टाफची गाडी सगळ्यांत बरी. चालवणारा एक-दोघांपलीकडे नाही, आणि अंतर लांबचं, म्हणजे रोज म्हापसा ते वेर्णे असं. कर्टसी गाडीचं मात्र जपून बघावं लागतं. डेमो गाडीत शेजारी सेल्समन बसलेला असतो, त्यामुळे चालवणारा थोडा तरी आवरतो. कर्टसी गाडी माणूस घरी नेतो. त्याची स्वतःची गाडी ठोकलेली असते, डोक्यात विम्याची कटकट असते, आणि ही गाडी आपली नाही हे त्याला पक्कं माहीत असतं. ती किनाऱ्यावर वाळूत जाते, गावातल्या चिऱ्याच्या दोन गडग्यांमधल्या अरुंद वाटेत घासते, आणि परत करताना कुणी काही बोलत नाही.

म्हणून पहिला प्रश्न थेट विचारा: ही डेमोला होती की कर्टसीला? कुठल्या शाखेत होती? किती महिने? विकायची आत्ताच का काढली? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा "नवं मॉडेल येतंय" हे असतं. कंपनीने फेसलिफ्ट, म्हणजे त्याच मॉडेलचं नवं रूप, जाहीर केली की डीलर जुन्या रूपातली डेमो गाडी आधी काढतो. ते गैर नाही, पण दोन महिन्यांनी तुमच्या दारातली गाडी 'जुन्या मॉडेलची' होणार असेल तर ते भावात उतरायला हवं.

नंबरप्लेटही बरंच सांगते. पांढऱ्यावर काळी अक्षरं म्हणजे खासगी नोंदणी. लाल पाटीवर पांढरी अक्षरं म्हणजे डीलरच्या ट्रेड सर्टिफिकेटवर (त्याला मिळणाऱ्या खास परवान्यावर) चाललेली, अजून नोंदणीच न झालेली गाडी. ती तुमच्या नावावर पहिल्यांदा नोंदली जाईल, म्हणून पहिले मालक तुम्हीच, पण किलोमीटर तर पडलेलेच असतात. अशी गाडी कुणी कोरी नवी म्हणून पूर्ण दराने खपवत असेल तर ती सरळ फसवणूक आहे. आणि काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे आपल्या गोव्याची ओळखीची रेंट-अ-कॅब. जुन्या गाड्यांच्या बाजारात भाड्याने फिरून थकलेली गाडी खासगी नंबरवर आणून 'शोरूमची होती' म्हणून दाखवली जाऊ शकते. नोंदणी झालेल्या गाडीच्या आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या दाखल्यावर, मालक म्हणून त्या डीलर कंपनीचंच नाव नसेल तर ती शोरूमची गाडी नव्हे, बोलणं तिथेच थांबवा.

कागद

गाडीचा नंबर घ्या आणि एम-परिवहन अ‍ॅपवर किंवा वाहन पोर्टलवर टाका. नोंदणीची तारीख, इंधन, विम्याची मुदत, कर्जाचा बोजा दिसतो. प्रलंबित चलन ई-चलनच्या पोर्टलवर दिसतात. मग मूळ आरसी हातात घेऊन वाचा. तीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं, नोंदणीची तारीख असते. या दोहोंत सात-आठ महिन्यांचं अंतर असेल तर गाडी आधी यार्डात उभी होती. बाजार पुढे गाडीचं वय मोजताना उत्पादनाचं वर्षही बघतो, हे विकायच्या वेळी कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

आरसीवर मालकाचा अनुक्रमांक असतो. डीलर पहिला, तुम्ही दुसरे. याचा एक परिणाम फारसा कुणी सांगत नाही. काही कंपन्यांच्या सवलती 'पहिल्या नोंदणीकृत मालका'ला बांधलेल्या असतात. टाटा आणि महिंद्रा यांनी आपल्या काही इलेक्ट्रिक मॉडेल्सच्या बॅटरीला आजीवन वॉरंटी दिली आहे, पण ती पहिल्या मालकापुरती. दुसऱ्या मालकाला वर्षांची आणि किलोमीटरची मर्यादा लागते. इलेक्ट्रिक डेमो गाडी घेत असाल तर तिची वॉरंटी पुस्तिका मागून मालकी बदलाचं कलम अक्षर न् अक्षर वाचा. बॅटरीची प्रकृती दाखवणारा अहवाल सर्व्हिस सेंटरच्या यंत्रावर निघतो, तोही छापून मागा.

पेट्रोल-डिझेल गाडीच्या वॉरंटीतही हीच मेख आहे. तिचं घड्याळ तुम्ही पैसे भरता त्या दिवशी सुरू होत नाही. ते पहिल्या विक्रीच्या किंवा नोंदणीच्या दिवशी सुरू झालेलं असतं. तीन वर्षांची वॉरंटी असलेली गाडी दहा महिन्यांनी घेतलीत तर हातात सव्वादोन वर्षांपेक्षा कमी उरते. वॉरंटी सुरू झाल्याची तारीख लेखी घ्या. वाढीव वॉरंटी आधीच काढलेली असेल तर ती तुमच्या नावावर होते का, त्याची फी किती, हेही विचारा.

बोजाचा रकाना नीट बघा. डेमो गाड्या पुष्कळदा कर्जावर घेतलेल्या असतात. आरसीवर बँकेचं नाव असेल तर त्या बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. "दोन दिवसांत काढून देतो" हे आश्वासन खरंही असेल, पण तोवर उरलेली रक्कम तुमच्या खिशात असू दे.

आता सगळ्यांत महत्त्वाचा कागद, ज्याबद्दल कुणी विचारत नाही. साध्या सेकंडहँड गाडीचा अपघात विम्याच्या दाव्यांवरून कळतो. इथे तसं कळत नाही. डीलरचं स्वतःचं बॉडीशॉप असतं, रंगाचं बूथ असतं, पार्ट्स त्याच्याच स्टोअरमध्ये असतात. बंपर फुटला, दार चेपलं, तर तो दावा करण्याच्या फंदात कशाला पडेल? आत काम करून मोकळा होतो. त्यामुळे "क्लेम हिस्टरी क्लिअर आहे" या वाक्याला डेमो गाडीच्या बाबतीत फारसा अर्थ नाही. तुम्हाला हवीत ती अंतर्गत जॉबकार्डं, म्हणजे वर्कशॉपमधल्या प्रत्येक कामाच्या नोंदी. चेसिस नंबरवर उघडलेलं प्रत्येक जॉबकार्ड, बॉडीशॉपची धरून, छापून मागा. मग त्याच कंपनीच्या दुसऱ्या डीलरच्या सर्व्हिस सेंटरला ओळखीतून विचारून बघा. बऱ्याच कंपन्यांची सर्व्हिसची नोंद देशभर एकाच प्रणालीत असते, आणि प्रत्येक भेटीचे किलोमीटर तिथे दिसतात. मीटर मागे घेतलेला असेल तर तोही तिथेच उघडा पडतो.

कागद द्यायला डीलरने टाळाटाळ केली तर मी पुढे जात नाही, तुम्हीही जाऊ नका. त्याची स्वतःची गाडी, स्वतःचं वर्कशॉप. कागद सापडत नाहीत असं होऊच शकत नाही.

शेजारच्या राज्यातल्या गाडीबद्दल एक सांगायला हवं. काही डीलरांची गोव्यातही शोरूम असते आणि सिंधुदुर्ग किंवा बेळगावातही. गाडी एमएच ०७ किंवा केए २२ असेल तर तिला फॉर्म २८ ची एनओसी लागेल, गोव्याचा रोड टॅक्स भरावा लागेल आणि नंबर बदलेल. तिकडे भरलेल्या टॅक्सचा परतावा तिकडच्या आरटीओकडे मागावा लागतो, तोही चकरा मारून. जुना नंबर ठेवून तशीच वापरता येईल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी ठेवली की तिथली नोंदणी बंधनकारक आहे. गोव्यातल्या गोव्यात मात्र पणजीच्या डीलरची गाडी डिचोलीच्या माणसाने घेतली तरी नंबर तोच राहतो.

हिशेब

"नवी अकरा साठला पडते, ही पावणेदहाला देतो." यातली पहिली चूक म्हणजे तुलना कशाशी. डेमो गाडी घेतली गेली तेव्हाच्या किमतीशी तुमचा संबंध नाही. तुम्ही आज नवी घ्यायला गेलात तर घासाघीस करून, सणाची सवलत धरून ती कितीला पडेल, तोच आकडा खरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांवरचा जीएसटी बदलला. चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर तो १८ टक्क्यांवर आला, मोठ्या गाड्यांवर सेस जाऊन ४० टक्के झाला. त्याआधी डीलरने महाग घेतलेली डेमो गाडी असेल तर त्याचं नुकसान तुमच्या भावात येता कामा नये.

एक उदाहरण मांडतो. आकडे समजुतीपुरते आहेत, तुम्ही तुमचे घाला.

समजा नव्या गाडीची एक्स-शोरूम किंमत १०,००,०००, ऑन-रोड (टॅक्स, विमा धरून) ११,६०,०००, आणि ५०,००० ची सवलत मिळते. म्हणजे नवी ११,१०,००० ला. दहा महिने जुन्या डेमोचा भाव ९,७५,०००. फरक दिसतो १,३५,००० चा. घरात सगळे खूश.

आता वजा करायला बसा. विम्याचे दोनच महिने उरलेत, नव्या गाडीत पूर्ण वर्ष मिळालं असतं, हे धरा २०,०००. टायर, ब्रेक पॅड, सर्व्हिसिंग यांत लवकर येणारा खर्च १५,०००. गेलेली दहा महिन्यांची वॉरंटी भरून काढायला एक वर्षाची वाढीव वॉरंटी, समजा १५,०००. मग कर्ज. सेकंडहँड गाडीला बँक व्याज जास्त लावते. नव्याला ९ टक्के आणि हिला १२ टक्के दर धरला, ७,००,००० चं कर्ज पाच वर्षांसाठी, तर हप्ता १४,५३१ ऐवजी १५,५७१ येतो. महिन्याला १,०४० चा फरक साठ हप्त्यांत ६२,४०० होतो. एकूण वजाबाकी १,१२,४००. १,३५,००० मधून उरले २२,६००.

बावीस हजारांसाठी पहिल्या मालकाचा हक्क, आवडीचा रंग आणि मनाची शांती सोडायची का, हे तुम्ही ठरवा. मी सोडणार नाही. पण तीच गाडी कर्ज न काढता घेणाऱ्याचे ८५,००० वाचतात, आणि तिथे विचार करण्यासारखं खूप आहे. डेमो गाडी रोख पैसेवाल्याला जास्त परवडते, हप्तेवाल्याला कमी. बँकेकडून दोन्ही दर लेखी घेऊन मगच हा हिशेब पक्का करा, कारण सगळा निकाल त्या फरकावर फिरतो.

भाव किती मागायचा? इथे विम्याची आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनी गाडीची धरते ती किंमत, कामाला येते. भारतातल्या मोटार विम्याच्या ठरीव घसाऱ्यानुसार सहा महिन्यांपर्यंतच्या गाडीवर ५ टक्के, सहा महिने ते एक वर्ष १५ टक्के, एक ते दोन वर्षं २० टक्के, दोन ते तीन वर्षं ३० टक्के घसारा धरतात, तोही कंपनीच्या आजच्या यादीतल्या किमतीवर. आपल्या दहा महिन्यांच्या गाडीची आयडीव्ही म्हणजे ८,५०,०००. तीत रोड टॅक्स नसतो. डीलरने भरलेला टॅक्स तुम्हाला उपयोगी पडतो, कारण नोंदणी पंधरा वर्षांची असते. समजा तो एक लाख होता, तर वापरलेला काळ वजा करून ९०,००० धरा. म्हणजे ९,४०,००० ही माझी वरची मर्यादा. बोलणी ८,५०,००० पासून सुरू करा. डीलर ९,४०,००० च्या खाली येत नसेल तर नवीच घ्या.

सांगितलेल्या भावात जीएसटी धरलाय की वर लागणार, हे पहिल्याच भेटीत विचारा. जुन्या गाडीवर डीलरच्या नफ्याच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी लागतो. पण डेमो गाडी घेताना त्याने इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) घेतलेलं असेल तर ही सोय त्याला नसते, आणि कर पूर्ण विक्री किमतीवर बसतो. हे त्याचं गणित आहे, तुमचं नाही. तुम्ही फक्त "सगळं धरून किती" एवढाच आकडा मान्य करा. गाडी दहा लाखांच्या वर गेली तर १ टक्का टीसीएस (विकताना कापला जाणारा आयकर) घेतात, तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो.

आणखी एक. डेमो गाड्या बहुतेक टॉप व्हेरियंटच्या असतात. तुम्हाला मधलं व्हेरियंट पुरलं असतं तर तुलना त्या मधल्या नव्या गाडीशी करा. सनरूफ ही गरज नव्हती, पण स्वस्तात मिळतेय म्हणून दीड लाख जास्त खर्च झाले, असं पुष्कळांचं होतं.

गाडी बघायला जाताना

कागद आणि हिशेब दोन्ही जुळले तरच इथपर्यंत या. दिवसाच्या उजेडात जा, आणि गाडी धुवून ठेवू नका असं आधीच सांगा. ओळखीचा मेकॅनिक बरोबर असू दे. गाडी त्याच्या गॅरेजमध्ये लिफ्टवर चढवायला डीलर तयार आहे का, हे फोनवरच विचारून घ्या.

गोव्यात गाडीला दोन शत्रू आहेत. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. किनाऱ्याजवळच्या यार्डात उभी राहिलेली गाडी वरून चकचकीत दिसते, पण खाली वाकून बघा. सायलेन्सरचे जोड, सस्पेन्शनचे बोल्ट, बॉनेटच्या आतल्या बिजागऱ्या, सीटच्या खालच्या पट्ट्या. ब्रेक डिस्कवर वरवरचा तांबेरा उभ्या गाडीला येतोच, दोन-चार ब्रेक मारले की जातो. डिस्कच्या कडेला जाड खपली आणि चाकातून घासल्याचा आवाज येत असेल तर ती गाडी बराच काळ हललेली नाही.

पाण्यात बुडालेली गाडी ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. टोकाशी मातीची रेघ असेल तर बाकी काही बघू नका. कार्पेट उचलून हात फिरवा, डिकीतल्या स्पेअर व्हीलच्या खळग्यात बघा. काचा बंद करून पाच मिनिटं आत बसा. कुबट वास सुगंधी पाकिटाने दबलेला असेल तर ते पाकीट बाहेर ठेवून परत बसा.

रंगासाठी जाडी मोजण्याचं यंत्र मिळतं, चांगल्या टिंकरकडे असतं. कारखान्यातला रंग साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉनच्या आसपास भरतो. आकड्यापेक्षा तुलना महत्त्वाची. छताला कोणी सहसा हात लावत नाही, म्हणून छतापासून सुरुवात करा आणि मग दारं, फेंडर, बॉनेट मोजा. एखादा भाग छतापेक्षा दुप्पट जाड निघाला तर तो परत रंगवलाय, आणि त्याहून बराच जाड असेल तर खाली पुटी आहे. प्लास्टिकच्या बंपरवर हे यंत्र चालत नाही. फेंडरचे आणि दारांचे बोल्ट बघा, पान्याने रंग उडालेला असेल तर ते कधीतरी उघडलेत. सगळ्या काचांवर एकाच कंपनीची खूण आणि जवळपासची तारीख हवी. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. सहा हजार किलोमीटरच्या गाडीवर गाडीपेक्षा नवे टायर असतील तर का बदलले, हे विचारा.

एक ओरखडा दिसला म्हणून गाडी सोडू नका. बंपर घासलेला, रिम खरचटलेली, या गोष्टी डेमो गाडीत असणारच आणि भाव पाडायला कामाला येतात. सोडायची ती चेसिसचे पुढचे दांडे वाकून सरळ केलेली गाडी.

आत बसल्यावर स्क्रीनवर ब्लूटूथची यादी उघडा. किती फोन जोडले गेलेत ते बघा. कोणी पुसून टाकली नसेल तर किती हातांतून गाडी गेली याची बरी कल्पना त्यातून येते. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझायला हवा. लागलाच नाही तर तो लागलाच राहण्याइतकंच वाईट. प्रत्येक काच, प्रत्येक बटण, मागच्या एसीचे झरोके, रिव्हर्स कॅमेरा, सगळं चालवून बघा. दोन्ही चाव्या आत्ताच हातात घेऊन बघा.

मेकॅनिककडे ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले दोष वाचणारं यंत्र) असेल तर जुने एरर कोड वाचून घ्या. डिझेल गाडीत डीपीएफची स्थिती खास बघायला सांगा. बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरणारी ही गाळणी असते, आणि ती साफ होण्यासाठी गाडी काही वेळ सलग, गरम इंजिनाने धावावी लागते. टेस्ट ड्राइव्हची गाडी नेमकं उलट जगते. थंड इंजिन, पाच किलोमीटर, मग एसी लावून उभी. याच कारणाने बॅटरीही लवकर दमते. पेट्रोल गाडीला हा त्रास कमी, म्हणून डेमोतली डिझेल गाडी घेताना मी दुप्पट सावध असतो. पहिल्या हजारभर किलोमीटरांत इंजिन जास्त ताणू नका असं बहुतेक मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, आणि डेमो गाडी त्याच काळात सगळ्यांत जास्त ताणली जाते. आजची इंजिनं हे बरंचसं सोसतात. क्लच मात्र सोसत नाही.

चालवून बघताना

शोरूमची ठरलेली फेरी घेऊ नका. इंजिन थंड असताना जा. पोचाल तेव्हा बॉनेट गरम असेल तर परत या म्हणाले तरी चालेल, पण पहिली सुरुवात थंड इंजिनाचीच ऐका.

क्लचसाठी चढ हवा. पणजीत असाल तर आल्तिनो, फोंड्याकडे फर्मागुडी, दक्षिणेकडे कुठ्ठाळीहून वेर्ण्याच्या पठारावर चढणारा रस्ता. अर्ध्या चढावर थांबून गाडी उचला. इंजिन ओरडतंय आणि गाडी रेंगाळतेय, किंवा जळका वास येतोय, तर क्लच गेलाय आणि तो खर्च भावातून वजा व्हायला हवा. ऑटोमॅटिक गाडीत चढावरच्या वाहतुकीत हळूहळू सरकताना धक्के बसतात का ते बघा.

मग राष्ट्रीय महामार्ग ६६ च्या सरळ पट्ट्यावर, वेगमर्यादेत राहून, स्टिअरिंग सैल धरा. गाडी एका बाजूला ओढते का? ब्रेक लावताना पेडल थरथरतं का? झुआरीच्या नव्या पुलावर वाऱ्यात चाकांचा आणि दारांच्या रबराचा आवाज ऐका. शेवटी एखाद्या गावात शिरा, खड्ड्यांचा आणि गतिरोधकांचा रस्ता घ्या, रेडिओ आणि एसी बंद करून. पुढून टकटक येत असेल तर सस्पेन्शनमधला लिंक रॉड किंवा बुश गेलाय. हे मोठे खर्च नाहीत, पण एवढ्या नव्या गाडीत ते यायला नको होते, आणि वॉरंटीत बदलून द्या असं लेखी घेता येतं.

लेखी काय घ्यायचं

बोलून ठरलेलं काउंटरवर विसरलं जातं. म्हणून आगाऊ रक्कम देण्याआधी एका पत्रावर डीलरच्या शिक्क्यासह एवढं घ्या: चेसिस आणि इंजिन नंबर, आजचे किलोमीटर, गाडी डेमो की कर्टसी म्हणून वापरली, झालेल्या दुरुस्त्या, वॉरंटीची सुरुवात आणि शेवट, सगळं धरून अंतिम किंमत, आणि मालकी बदल कोण आणि किती दिवसांत करून देणार. तपासणीत दोष निघाला तर आगाऊ रक्कम परत, हेही त्यात असू दे. 'आहे त्या स्थितीत' विकली असं छापलेलं पत्र पुढे केलं तर त्याखाली दुरुस्त्यांची यादी हाताने लिहून घ्या. पैसे बँकेतूनच द्या आणि जीएसटी क्रमांक असलेलं बिल घ्या. हे सगळं डीलर कंपनीच्या नावाने व्हायला हवं, सेल्समनच्या खात्यावर एक रुपयाही नको.

ताबा घेताना तारखेबरोबर वेळही लिहा. त्या क्षणाआधीचं चलन त्याचं, नंतरचं तुमचं.

ताबा घेतल्यावर

मालकी बदलासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात. विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत अर्ज करायचा असा मोटार वाहन कायदा आहे. डीलर करून देतो म्हणाला तरी पोर्टलवर अर्जाची स्थिती तुम्हीच बघत राहा.

विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या खासगी गाडीला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा एकदम काढावा लागतो, त्यामुळे तो भाग बहुधा शिल्लक असतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग वेगळा असतो आणि तो नावावर न करता ठोकर झाली तर दावा अडकतो. नो-क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. डीलरचा बोनस तुम्हाला मिळणार नाही, पण तुमची जुनी गाडी विकली असेल तर तिचा बोनस प्रमाणपत्र घेऊन इथे लावता येतो. तीन वर्षांच्या आत लावायला हवा.

डीलरचा फास्टॅग बंद करायला लावा आणि स्वतःचा घ्या. गाडी मोबाइल अ‍ॅपला जोडलेली असेल तर डीलरचं खातं काढून स्वतःचं घाला, नाहीतर गाडी कुठे उभी आहे हे कुणा दुसऱ्याला दिसत राहील. त्या सेवेची मोफत मुदतही पहिल्या नोंदणीपासून चालू असते, किती उरली ते विचारा.

पहिल्या आठवड्यात गाडी त्याच कंपनीच्या दुसऱ्या डीलरकडे तपासणीला न्या. तिथे लपवलेला अपघात किंवा मागे घेतलेला मीटर निघाला तर अहवाल लेखी घ्या आणि विकणाऱ्याला लेखी कळवा. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पुढे उत्तर किंवा दक्षिण गोव्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. पन्नास लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार तिथे चालते, आणि ती दोन वर्षांच्या आत करावी लागते. वर सांगितलेलं शिक्क्याचं पत्र आणि जॉबकार्डांच्या प्रती तेव्हा जोडायच्या असतात, म्हणून त्या गाडीत न ठेवता घरी ठेवा.